टोपण लावून काढलेले फोटो

१

कोणीही विश्वास ठेवला नाही. पोलिसांनी नाही, दिरानं नाही. पोटच्या पोरीनं तर सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, पेलाभर पाणी आणून दिलं, आणि विश्वास ठेवला नाही. पाणी आणून देणारी माणसं सगळ्यात वाईट. भांडणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

इस्त्रीवालीचं म्हणणं फार मोठं नव्हतं. नवरा आपल्याला टाकून गेलेला नाही, त्याला कोणीतरी नेलंय, एवढंच ती म्हणत होती. गल्लीचं मत वेगळं होतं. असल्या तोंडाच्या बाईजवळ तो इतकी वर्षं टिकला कसा, हे गल्लीला पडलेलं कोडं होतं. तो नाहीसा झाला तेव्हा ते सुटल्याचं सगळ्यांना बरंच वाटलं. हे सगळं ती त्याच लोकांच्या शर्टांवरून इस्त्री फिरवत ऐकायची. एकाचीही कॉलर तिनं जाळली नाही, हे तिचे उपकार.

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला. काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांची सोय करायचा आणि चंद्र नसला की स्वतःचे डोळे आभाळात. स्कूटरला ट्रायपॉड बांधून शहराबाहेरच्या टेकडीवर जायचा, आभाळाच्या एकाच तुकड्याचे पहाटेपर्यंत फोटो काढायचा आणि मग कितीतरी दिवस ते एकावर एक रचून त्यांचा एकच फोटो करायचा.

"रात्रभर कुडकुडून एक लाल डाग आणलात," ती म्हणायची.

"डाग नाही गं. तिथं तारे जन्माला येतात."

"येऊ देत. त्यांच्या कपड्यांना इस्त्री लागत असेल तर सांगा."

तो हसायचा. हसताना शेवटी त्याच्या नाकातून घोरल्यासारखा आवाज निघायचा आणि मग तिलाही हसू यायचं, रागात असली तरी.

अंधारातल्या फोटोवर बारीक रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. आधी ते काढायला त्याला आठवडा लागायचा. मग त्यानं एक नवं सॉफ्टवेअर आणलं. त्या सॉफ्टवेअरनं म्हणे लाखो फोटो पाहिलेले होते. तारा कुठला आणि कचरा कुठला हे ते आपलं आपण शिकलं होतं. बटण दाबलं की ठिपके गायब, आभाळ घडीच्या चादरीसारखं सपाट. नवऱ्यानं त्याचं नावच ठेवलं, नितळाबाई.

"नितळाबाईला देऊन बघतो." "नितळाबाई आज रुसलीय." सकाळ-संध्याकाळ हेच.

"घरात दुसरी बाई आणलीत," ती म्हणायची, "आणि तीही एक कप धुवायच्या कामाची नाही."

गेल्या हिवाळ्यात तो असाच टेकडीवर गेला. ती आत चादरींना पाणी मारत होती. बाहेरून "येतो गं" एवढंच ऐकू आलं. मान वर करून बघितलंही नाही. नेहमी जाणाऱ्याकडे कोण बघतं?

सकाळी गुरं घेऊन आलेल्या माणसाला टेकडीवर कॅमेरा उभा दिसला. भिंगावर टोपण लावलेलं, आणि कॅमेरा आपला खटक्, खटक् करत फोटो काढतोय. शेजारी त्याचं घडीचं स्टूल होतं आणि स्टुलाखाली चपला, जोडीनं नीट लावलेल्या. तो नव्हता.

"पळून जाणारा माणूस चपला काढून जातो का?" तिनं पोलिसांना विचारलं.

"बाई, दुसरा जोड असेल."

"त्यांना दुसरा जोड मीच घेऊन दिला असता ना. नव्हता."

त्यांनी मान हलवली. पाणी तेवढं आणलं नाही.

२

दुपारी ऑफिसांचे कपडे गेले की इस्त्री थंड व्हायला ठेवून ती दुकानाचं शटर अर्धं ओढायची आणि मागच्या खोलीत जाऊन बसायची. खोली अंगानं लहान. एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर, एक खुर्ची आणि खुर्चीमागं भिंत. नितळाबाई काम करत असली की तो खुर्ची मागं रेलून भिंतीला डोकं टेकायचा. वर्षानुवर्षं टेकून तिथं तेलाचा डाग पडला होता, तळहाताएवढा. त्या डागावरून तिनं त्याला किती बोलणी घातली असतील त्याला हिशेब नाही. सोडा लावून घासला, चुना लावला. महिन्याभरात डाग पुन्हा हजर.

आता ती त्यावर हात ठेवून बसायची. काही बोलायची नाही. बोलायचं असतं तर माणूस समोर हवं.

लेकीनं तिला कॉम्प्युटर शिकवला होता. लेक दवाखान्यात कामाला, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. शेवटच्या रात्रीचे फोटो अजून तसेच पडलेत हे कळल्यावर आईच म्हणाली, मला दाखव, मी करते. चार इयत्ता शिकलेली बाई आभाळाचे फोटो करणार म्हणून लेकीला हसू आलं होतं, पण तिनं शिकवलं. पडद्यावरचं हे पिवळं पाकीट उघडायचं, फोटो निवडायचा, हे हिरवं बटण दाबायचं. झालं.

"आणि हे दुसरं पिवळं पाकीट?"

"ते टोपण लावून काढलेले, पाचच नीट उतरलेत. ते नको उघडूस."

ते कशासाठी असतात हे तिला नवऱ्यानंच एकदा सांगितलं होतं. कॅमेरा थंडीत तासन्‌तास चालला की स्वतःच कुरकुरायला लागतो. ती कुरकुर फोटोत ठिपके होऊन उतरते. म्हणून शेवटी भिंगाला टोपण घालायचं आणि नुसत्या अंधाराचे फोटो काढायचे. त्यात दुसरं काही येतच नाही, कॅमेऱ्याची कुरकुर तेवढी येते. मग ती खऱ्या फोटोंतून वजा करायची.

"म्हणजे मशीनची कुरकुर ऐकायला वेगळा वेळ काढता," ती म्हणाली होती. "माझ्यासाठी कधी काढलात?"

"तुझी वजा होत नाही, मग ऐकून काय करू?"

त्यावर तिनं ओला नॅपकिन त्याच्या अंगावर फेकला होता. तो त्याच्या चष्म्यावर बसला आणि तो तसाच, चष्म्यावर नॅपकिन घेऊन, बराच वेळ हसत राहिला होता.

३

चूक साधी होती. तिनं दुसरं पाकीट उघडलं.

फोटो काळा होता, पण रात्रीचा फोटो काळा नसेल तर काय पिवळा असेल? तिनं हिरवं बटण दाबलं. कॉम्प्युटरचा पंखा घुमायला लागला. फोटोवर डावीकडून उजवीकडे एक पांढरी रेघ सरकायला लागली. रेघेच्या पुढं रवा, रेघेच्या मागं साफ. इस्त्री फिरते तशीच. हे बघायला तिला आवडायचं, कबूल करायची नाही एवढंच.

रेघ अर्ध्यावर आली तेव्हा साफ झालेल्या भागात स्टूल दिसलं.

घडीचं स्टूल. कापडाची बैठक एका कोपऱ्यात उसवलेली. खाली चपला. मागं टेकडीचा उतार, आणि सगळ्यावर करडा उजेड, ना दिवसाचा ना रात्रीचा.

तिला पहिल्यांदा काही वाटलं नाही. ह्यांनी स्टुलाचा फोटो काढलाय, एवढंच मनात आलं. मग तिनं पाकीट पाहिलं. मग ती उठली, पाणी प्यायली आणि लेकीला फोन लावला.

लेक रविवारी आली. पडद्याकडे बघताना तिचा चेहरा क्षणभर उतरला, तो आईनं पाहिला. नंतर कितीही समजावलं तरी तो तिनं पाहिलेला होता.

"आई, हे टोपण लावून काढलेत. यात काही येऊच शकत नाही."

"आलंय की."

"आलेलं नाही. तयार केलंय. हे सॉफ्टवेअर बघत नाही, अंदाज करतं. ठिपक्यांच्या जागी काय असायला हवं ते आपल्या मनानं भरतं. नुसता कचरा दिलास तर कचऱ्यातूनही काहीतरी भरणारच."

"मग तारे भरायचे. त्याला तारेच शिकवलेत ना? बाबांचं स्टूल त्याला कोणी शिकवलं?"

काकाला बोलावू, लेक म्हणाली.

दीर कॉलेजात विज्ञान शिकवायचा. भावाइतकाच साधा, पण बोलताना समोर वर्ग बसल्यासारखा बोलायचा. त्यानं चष्मा कपाळावर चढवून फोटो नीट निरखला.

"वहिनी, ढगात हत्ती दिसतो ना आपल्याला? तसं आहे हे. इथं काळ्यावर काळ्या सावल्या आहेत. तुम्हाला त्यात स्टूल दिसतंय कारण तुम्हाला स्टूल आठवतंय."

"भावोजी, मला स्टूल आठवून काय करायचंय? आठवायचंच असेल तर मी त्यावर बसणाऱ्याला नाही का आठवणार?"

त्यानं चष्मा पुन्हा नाकावर घेतला. लेकीनं पाणी आणून दिलं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं भिंतीवर हात ठेवला.

डाग नव्हता. भिंत वरपासून खालपर्यंत सारखी. चुना लावल्याचा वास नाही, घासल्याची खूण नाही. तिथं कधी कोणी डोकं टेकलंच नसावं, अशी.

तिनं लेकीला फोन केला आणि तोंडाचा पट्टा सोडला. "माझ्या घरात येऊन भिंती पुसायला तुला कोणी सांगितलं? बापाचा डाग खुपत होता का तुला?"

"आई, मी कशाला हात लावीन? मी चहा पिऊन निघाले. काका होते ना सोबत."

"मग डाग गेला कुठं?"

"कुठला डाग?" लेक म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. ती जवळपास राहत नाही, कामाच्या घाईत असते, भिंतीवरचे डाग कोण लक्षात ठेवतं. असं सगळं इस्त्रीवालीनं स्वतःला समजावलं. दुसऱ्या कोणी समजावलेलं ती ऐकत नसे, पण स्वतःला समजावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. हिवाळा सरला, भिंत सुकली, तेल उडून गेलं असेल. तेल उडतं का? उडत असेल. ती काय विज्ञान शिकवते?

संध्याकाळी तिनं दुसरा काळा फोटो नितळाबाईला दिला.

या वेळी स्टुलावर तो होता. पाठमोरा. डोक्यावर लोकरीची टोपी, खांद्यावर घोंगडी. घोंगडीची एक बाजू नेहमीसारखी लांब सुटलेली. पाठ बघून नवरा ओळखू येतो का, असं कोणी विचारलं असतं तर तिनं त्याला दारातूनच हाकललं असतं. चालताना, बसताना, रुसून कुशीवर वळताना जी पाठ अर्धं आयुष्य पाहिली, ती ओळखू येणार नाही?

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. काच कोमट होती.

झोपायला गेल्यावर तिनं सवयीनं पलंगाच्या त्याच्या बाजूला हात टेकला. ती बाजू कुरकुरायची. त्यानं स्वतः दुरुस्त करून बिघडवलेली. तो नाहीसा झाल्यापासून ती झोपण्याआधी एकदा तिथं हात टेकायची, आवाज ऐकायची आणि मग डोळे मिटायची.

आवाज आला नाही. तिनं पुन्हा टेकला. मग गुडघा टेकला. मग सगळी उठून बसली. पलंग दगडासारखा गप्प.

५

ती अडाणी असेल, पण वेडी नव्हती. एक डाग आणि एक पलंग एवढ्यावरून कोणी काही मानू नये, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं पारख करायची ठरवली.

त्याची दुसरी लोकरीची टोपी कपाटात होती. तिच्यात कानाजवळ भोक होतं आणि ते भोक तिनंच रफू केलं होतं, घाईत, भलत्याच रंगाच्या लोकरीनं. तो ती टोपी तशीच घालून दुकानात जायचा. "बायकोनं केलंय" म्हणून गिऱ्हाइकांना दाखवायचा. टोपीला अजून त्याचा वास होता, खोबरेल तेलाचा आणि काचेच्या भुकटीचा.

तिनं टोपी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि कोपरानं बटण दाबलं.

पंखा घुमला. रेघ निघाली. ती पडद्याकडे बघत होती आणि तिची बोटं रफूच्या गाठींवर होती. गाठी खरखरीत होत्या. रेघ पुढं सरकली. तो आता स्टुलावरून उठला होता, तसाच पाठमोरा. चपला मागं राहिल्या होत्या. त्याचा उजवा हात कोपरात थोडा वर उचललेला होता. म्हातारी माणसं रस्ता ओलांडताना दुसऱ्याच्या हातात कोपर देतात ना, तसा.

पण शेजारी कोणी नव्हतं. म्हणजे, काहीच नव्हतं. ती पुढं वाकून, पडद्याला डोळे लावून बघायला लागली. ज्या बाजूला रेघ अजून पोचली नव्हती तिथं सगळीकडे रवा होता. फक्त त्याच्या कोपराजवळ एका उभ्या पट्ट्यात रवा नव्हता. रेघ पोचायच्या आधीच ती जागा साफ होती. माणसाच्या उंचीची. तिला वाटलं, पडद्यात दोष असेल. तिनं कोपरानंच पडदा पुसला.

रेघ शेवटाला गेली आणि पंखा थांबला. तेव्हा तिला कळलं की बोटांखाली गाठी नाहीत.

टोपी नवी होती. भोक नाही, रफू नाही, दुकानात टांगलेली असते तशी. तिनं ती नाकाशी धरली. वास लोकरीचा होता. नुसत्या लोकरीचा.

मग तिनं हलक्या आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, त्याला शिव्या दिल्या. सवयीच्या, रोजच्या. शेवटी म्हणाली, "आता मागं वळा एकदा. एकदाच वळा. मग काय न्यायचं ते न्या."

६

हे म्हणायला नको होतं असं तिला वाटलं ते लेक आल्यावर.

मधे तिनं आणखी एक फोटो केला होता. केला म्हणजे राहवलं नाही. कपडे द्यायला आलेल्या बाईला थांबवून, शटर तसंच अर्धं ठेवून, ती आत गेली होती. त्यात तो उताराला लागला होता आणि त्याची मान किंचित वळली होती. कान दिसत होता, चष्म्याची दांडी दिसत होती. दांडीला त्यानं बांधलेला काळा दोरा दिसत होता. चष्म्याच्या दुकानात काम करून स्वतःची दांडी दोऱ्यानं बांधणारा माणूस. आणखी थोडा वळला की गाल, आणखी थोडा की तोंड. ती घरभर फिरली. काय गेलं ते शोधत राहिली. नळ गळत होता, दार करकरत होतं, फुटकी कपबशी फुटकीच होती. काही गेलेलं सापडलं नाही आणि तिला बरं वाटलं.

लेक आली ती खुशीत होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची गंमत सांगत होती. एका म्हाताऱ्या पेशंटनं त्यांना विचारलं, पोरी, डॉक्टर कधी येणार? त्या म्हणाल्या, मीच डॉक्टर. तर तो म्हणाला, बरं बरं, तू बस मग, मोठे डॉक्टर येतील. सांगता सांगता लेक हसायला लागली.

इस्त्रीवालीच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली.

"परत हस."

"काय?"

"परत हस म्हणते ना."

लेक हसली. गोड हसली. सरळ, स्वच्छ, सिनेमातल्या पोरी हसतात तसं. शेवटी नाकातून काही निघालं नाही.

लहानपणी शाळेत पोरं तिला त्या हसण्यावरून चिडवायची. ती रडत घरी यायची आणि बाप तिला मांडीवर घेऊन स्वतः तसाच हसून दाखवायचा, घोरल्यासारखं, तिचं रडू थांबेपर्यंत. त्या घरात दोन माणसं तशी हसायची.

"तू अशीच हसायचीस का गं आधी?"

"म्हणजे? मी अशीच हसते की. आई, चादर जळतेय."

चादर खरंच जळत होती. तिनं इस्त्री उचलली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या कपड्याला तिच्या हातून डाग पडला होता, तपकिरी, इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा. ती त्याकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून तिनं हिरव्या बटणाला हात लावला नाही. मागच्या खोलीत बसायची, पण फोटो तसाच, न धुतलेला उघडायची. नुसता काळा, नुसता रवा. त्यात तो कुठंतरी होता. दिसत नव्हता, पण होता. कुरकुरत होता. ती त्याला गल्लीतल्या गोष्टी सांगायची. कोणाचं लग्न मोडलं, कोणी कॉलरवर रंग सांडला आणि आळ तिच्यावर घेतला. समोर माणूस नसला तरी आता बोलायला जमत होतं.

पाकिटात एकच फोटो न धुतलेला राहिला होता. तो उघडला की ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. चेहरा त्यात असणार.

७

दीर आणि लेक मिळून आले तेव्हा दोघांनी घरून ठरवूनच आणलं होतं. ते चहा घ्यायच्या आधी नीट बसले, त्यावरूनच तिला कळलं.

"वहिनी, दुकान बंद करा. पोरीकडे राहायला जा. कॉम्प्युटर मी आमच्या आकाशवाल्या मंडळींना देतो. दादाच्या कामाचं चीज होईल."

"आणि ते आले तर? दाराला कुलूप बघून परत जातील?"

"वहिनी, दादा येणार नाही. तो गेला. स्वतःच्या पायानं गेला. हे एकदा मान्य केलंत की तुम्हालाच हलकं वाटेल."

"मला हलकं व्हायचं नाही. पळून गेलेल्याची बायको म्हणून मी कुठंही एक दिवस राहणार नाही, भावोजी. मला त्यांनी टाकलेलं नाही."

दीर उठला. त्याचा स्वभाव चांगला होता, हेच वाईट होतं. "चला, आज सोक्षमोक्ष लावू," तो म्हणाला आणि मागच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसला. "राहिलेला फोटो तुमच्यासमोर करतो. काळाच निघणार. निघाला की तरी ऐकाल?"

"हात काढा तिथून."

"वहिनी, पाच मिनिटांचं काम आहे."

"भावोजी, हात काढा म्हणते."

त्यानं बटण दाबलं.

पंखा घुमला, रेघ निघाली. लेक दारात उभी होती. "आई," ती म्हणाली, आणि आवाज लागला. इतका सुरेख लागला की इस्त्रीवालीनं मान वळवून पाहिलं. लेकीच्या आवाजात एक खर होती, बापाकडून आलेली, सर्दी झाल्यासारखी. ती शब्दाच्या अर्ध्यातच ओसरत होती. "आई, काय झालं?" या दुसऱ्या वाक्यात ती राहिलीच नव्हती. तिच्या डाव्या भुवईत एक जखमेची खूण होती, बापानं सायकल शिकवताना पडलेली. इस्त्रीवाली त्या भुवईकडे बघत होती. खूण पुसट होती का? उजेड कमी होता का?

ती भिंतीकडे धावली. तिथं वीज बंद करायचं बटण होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि पडद्याकडे पाहिलं. नको होतं बघायला.

तो वळत होता. कान, मग गालाची कड, न केलेली दाढी. ओठांचा कोपरा उघडा होता. तो काहीतरी म्हणत होता. रेघ बोटभर आणखी गेली असती तर डोळे आले असते. त्या संध्याकाळी तिनं मान वर केली नव्हती. "येतो गं" एवढंच होतं तिच्याजवळ, तोंड नसलेलं. आता तोंड येत होतं. बोट बटणावर होतं आणि बोट हलेना. दीर काहीतरी बोलत होता, "अरे, हे काय..." असं काहीतरी. त्याच्या आवाजातला वर्ग कुठं गेला होता कोणास ठाऊक.

आणि नवऱ्याच्या कोपराशी ती जागा होती. आता ती जवळ होती. रेघ फिरून गेली तिथंही कुठंकुठं रवा उरला होता, टेकडीवर होता, त्याच्या गालावर होता, आभाळात होता. तिच्यात नव्हता. तिला सुरकुती नव्हती, सावली नव्हती, ओरखडा नव्हता. कोपरात अडकलेला हात होता, त्याला बोटांचे सांधे नव्हते. चेहरा असायला हवा तिथं घडीच्या चादरीसारखं सपाट होतं आणि ते सपाट पडद्याबाहेर, खोलीकडे, दारात उभ्या असलेल्या पोरीकडे वळलेलं होतं.

इतका स्वच्छपणा इस्त्रीवालीनं याआधी फक्त याच खोलीत पाहिला होता.

तिनं बटण दाबलं.

पडदा गेला. पंखा दोन-चार फेरे घेऊन थांबला. डोळे काही आले नाहीत. तिनं वायर भिंतीतून उपटली, दाताखाली धरून तोडायला गेली, मग हाताला गुंडाळून घेतली. ती रडत होती, आवाज न करता. तिला असं रडताना त्या घरात कोणी पाहिलं नव्हतं.

दीर खुर्चीतच होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तोंडानं तो सवयीचंच बोलत होता. "वहिनी, हे... हे सगळं अंदाजानं भरलेलं असतं. त्याला काही अर्थ नसतो. दादा गेला. माणसं जातात. त्याला कोणी नेलं नाही."

"नेलं."

"मग सांगा ना," तो एकदम चिडला, घाबरलेला माणूस चिडतो तसा. "सारखं नेलं नेलं म्हणता. कोणी नेलं? नाव सांगा."

लेक पुढं आली. तिनं या वेळी पाणी आणलं नव्हतं. ती आईच्या शेजारी, आईला चिकटून उभी राहिली आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"सांग आई," ती म्हणाली, त्या नव्या, सरळ, सुरेल आवाजात. "मी ऐकतेय."

इस्त्रीवालीनं तिच्या भुवईवर अंगठा ठेवला. खूण अजून होती. पुसट, पण अंगठ्याला लागत होती. मग ती दिराकडे वळली.

"नितळाबाईनं."